घरगुती आरोग्यपेये : आमचा प्रयोग आणि आमची चूक

(गणेशोत्सव २०२४ च्या व्याख्यानमालेतील भाषण, थोड्या विस्ताराने)



व्याख्यानमालेत दरवर्षी मोठे विद्वान येतात. यंदा कार्यकारिणीने घरच्याच माणसाला उभे केले आहे. आम्ही काही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. डी.फार्म.ची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसतो. चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजून द्यायच्या आणि 'जेवणाआधी की नंतर' हे तीनदा सांगायचे, एवढेच आमचे काम. पण मंडळाच्या स्वयंपाकघरात गेली चार वर्षे जो पेयांचा खटाटोप चालला आहे, त्यात आम्ही पहिल्या दिवसापासून आहोत. म्हणून आज 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात आम्ही एकटे नाही. दोन काकू, एक निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, आमच्या शेजारच्या वहिनी आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले, असा सगळा गट धरावा.

आपण इंदूरकर. सकाळ पोहे-जिलेबीने सुरू होते, दुपारच्या वरणभातावरही शेव लागते आणि रात्री पाहुणा आला की त्याला सराफ्यात नेल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. शिकंजी म्हणावी तर तीही आपल्याकडे लिंबाची नव्हे, दाट दुधाची. अशा गावात पोट कुरकुरणारच. खिडकीवर बसून आम्ही पाहतो, आम्लपित्ताच्या गोळ्या जितक्या जातात तितकी दुसरी औषधे क्वचितच जातात. तेव्हा पोटाला हलके आणि अंगाला बरे असे काही पेय आपल्या मंडळाने करावे, ही कल्पना वाईट नव्हती. ती अमलात आणताना काय झाले, तेच आज सांगायचे आहे. चुकीपासून सुरुवात करतो.

पुडीची गोष्ट

२०२० साल आठवा. २२ ऑगस्टला गणपती बसले, पण मांडव नव्हता, आरतीची गर्दी नव्हती, महाप्रसाद नव्हता. त्याआधी एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने काढ्याचे एक प्रमाण जाहीर केले होते : तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग. ही भरड तीन ग्रॅम घ्यायची, दीडशे मिलिलिटर गरम पाण्यात घालायची आणि दिवसातून एकदा किंवा दोनदा प्यायची. आम्ही ठरवले की यंदा प्रसादाऐवजी सभासदांच्या घरी काढ्याची पुडी पोहोचवायची. सियागंजातून जिन्नस आणले, वहिनींच्या गच्चीवर वाळवले, कुटले, चाळले आणि पुड्या बांधल्या.

कुटून झाल्यावर चव घेतली तर काढा फार तिखट झाला होता. लहान मुले प्यायची नाहीत म्हणून काकूंनी विचारले, "यात गोडीला काही घालता येईल का हो?" आम्ही म्हणालो, "ज्येष्ठमध घालू. घशालाही चांगले." आणि तीन भाग ज्येष्ठमध घातले. पुडीवर मंडळाचे नाव आणि 'आयुष काढा' एवढेच छापले. प्रमाण छापले नाही, घटक छापले नाहीत, दिवसातून किती वेळा हेही छापले नाही. तोंडी सांगू म्हणालो, आणि त्या दिवसांत कोणाच्या दारात दोन मिनिटे उभे राहण्याचीही सोय नव्हती.

दोन-अडीच महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, एका सभासदांच्या सूनबाई पुडीचा कागद हातात घेऊन आमच्या घरी आल्या. सासऱ्यांना दवाखान्यात दाखल केले होते. रक्तदाब वर गेलेला, पायांवर सूज आणि जिना चढताना पाय उचलेनात इतका अशक्तपणा. रक्तातले पोटॅशियम फार खाली गेले होते. डॉक्टरांनी विचारले, कोणती औषधे घेता? काका म्हणाले, नेहमीची रक्तदाबाची गोळी, बाकी काही नाही. मग डॉक्टरांनी विचारले, औषध सोडून काय घेता? तेव्हा काढा निघाला. मोठा पेला, दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी चमचा शिगोशीग. रोगाची भीती एवढी होती की दोन वेळा चांगले तर पाच वेळा अधिक चांगले, असा त्यांनी हिशेब केला. पुडी संपली तेव्हा सूनबाईंनी चव घेऊन, ओळखून, तशीच दुसरी घरी करून दिली होती. ज्येष्ठमधासकट.

"दादा, डॉक्टर विचारतात यात नक्की काय काय आहे," असे सूनबाई म्हणाल्या. कागदावर तर काहीच लिहिले नव्हते.

ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचे द्रव्य असते. त्याचीच ती गोडी. ते जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेले तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. म्हणून रक्तदाब चढतो, सूज येते, स्नायूंतली ताकद जाते, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. त्यात काकांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, त्यानेही पोटॅशियम कमी होते. दोन्ही एकाच बाजूला ओढत होते. हे सगळे आम्ही पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. ग्लिसरायझिन हा शब्द आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि पुडीत ते घालताना आम्हाला एकदाही आठवले नाही, कारण आमच्या मनात ती 'औषधी' होती, 'औषध' नव्हते.

काढा बंद झाला, पोटॅशियम दिले गेले, काका काही दिवसांत घरी आले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा क्षमा मागायची कशी हेच कळेना. काकाच म्हणाले, "अरे, तुम्ही दिलेत म्हणून निर्धास्त घेतले." ते वाक्य त्यांनी मायेने म्हटले होते. आम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. खिडकीवर बसून आम्ही लोकांना एकेक गोळी मोजून देतो आणि आपल्याच मंडळाच्या घरांत न मोजता, न लिहिता वाटून आलो होतो.

त्यानंतर सगळ्या घरांना फोन करून पुड्या परत मागवल्या. कित्येकांनी संपवल्या होत्या. दुसऱ्या कोणाला त्रास झाल्याचे कानावर आले नाही, पण ते आमच्या शहाणपणाने नव्हे.

एकवीस पत्रींचा धडा

बाप्पाला आपण एकवीस पत्री वाहतो. त्यात दूर्वा, तुळस, बेल, माका आहेत, तसेच धोत्रा, कण्हेर आणि रुईही आहेत. पहिल्या चार घरोघरी पोटात जातात. शेवटच्या तिन्ही विषारी आहेत. कण्हेरीने तर हृदय बंद पडू शकते. बाप्पाच्या पायाशी सगळ्या एका ताटात असतात, पण आपल्या आजीला नेमके ठाऊक होते की कोणती पूजेनंतर चहात घालायची आणि कोणतीला हात लावल्यावर हात धुवायचे. 'झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार' हे वाक्य आपल्या परंपरेतले नाहीच. ते अलीकडच्या जाहिरातीतले आहे.

म्हणून आमच्या गटाने पहिला नियम केला : जे स्वयंपाकघरात पिढ्यान्पिढ्या खाण्यात आहे, तेच आणि तेवढ्याच प्रमाणात वापरायचे. या नियमाने ज्येष्ठमध गेले आणि गुळवेलही गेली. गुळवेलीबद्दल अनेकांनी नाराजी दाखवली. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि सांगितले की खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल घेतली गेली असावी. हा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आमच्यापुरता प्रश्न साधा होता : तज्ज्ञ जिथे वेल ओळखण्यावरून वाद घालतात, तिथे कंपाउंडच्या भिंतीवरून वेल ओढून आणणारे आम्ही ती छातीठोकपणे ओळखू का? नाही. मग ती मंडळाच्या पातेल्यात घालायची नाही.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय

आता त्या शब्दाविषयी थोडे. प्रतिकारशक्ती ही काही गच्चीवरची टाकी नव्हे, की काढ्याची मोटर चालू केली आणि ती भरली. ती पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडे, त्वचा, आतड्यातले अस्तर अशा अनेकांची मिळून चालणारी व्यवस्था आहे. ती नुसती वाढवणे हेही चांगलेच असते असे नाही. दमा, ॲलर्जी, आमवात यांत ती नको तिथे जोर करते. तिला लागते पुरेशी झोप, जेवणात डाळ-दूध-अंडी यांतली प्रथिने, भाज्या-फळे, वेळेवर लस आणि हात धुण्याची सवय.

मग पेयाचा उपयोग काय? 'क' जीवनसत्त्वाचे उदाहरण घ्या. रोज नियमाने ते घेणाऱ्यांना सर्दी कमी वेळा होते असे सर्वसाधारण माणसांत दिसलेले नाही. झालेली सर्दी थोडी लवकर आटोपते, एवढेच दिसले आहे. आल्याने मळमळ कमी होते, याला मात्र चांगला आधार आहे. ताकातले जिवाणू दुधातली साखर काही प्रमाणात आधीच पचवतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या कित्येकांना ताक सोसते. आपल्या शेजारच्या मंदसौर-नीमच भागात पिकणारा इसबगोल बद्धकोष्ठावर खरोखर उपयोगी आहे, मात्र भरपूर पाण्याबरोबर. कोरडा गिळला तर घशात फुगतो. असा एकेक जिन्नस घेऊन त्याला जेवढे येते तेवढेच त्याच्या नावावर लिहायचे, हा दुसरा नियम.

आवळ्याचा स्फोट

२०२१ च्या हिवाळ्यात आम्ही आवळ्यापासून सुरुवात केली. आपल्या मध्यप्रदेशात पन्ना जिल्हा आवळ्यासाठी प्रसिद्ध आहे आणि कार्तिकापासून बाजारात आवळा मुबलक येतो. पहिला घाणा काळा पडला. आवळ्यातले तुरट द्रव्य लोखंडाला लागले की काळे होते आणि काकूंची किसणी जुनी लोखंडी होती. तेव्हापासून स्टीलची किसणी, स्टीलचे पातेले. तांब्या-पितळेचेही नको, कारण तांब्याने 'क' जीवनसत्त्व लवकर नासते आणि आंबट रसाला भांड्याचा धातू उतरतो. ॲल्युमिनियमही आंबटाला चालत नाही.

मग प्रमाण बसवले : एक लिटर आवळ्याचा रस, शंभर मिलिलिटर आल्याचा रस, दीड किलो साखर, एक लिटर पाणी. पाक करून, निववून, मग रस घालायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी वाखाणला. उरलेल्या बारा बाटल्या गणपतीसाठी म्हणून मंडळाच्या कपाटात ठेवल्या. मे महिन्यात एक दिवस सफाईवाल्या बाईंचा फोन आला, "दादा, कपाटात फटाके फुटले." दोन बाटल्यांची बुचे उडाली होती, एक फुटली होती आणि भिंतीला सरबताचा अभिषेक झाला होता. कपाटात त्या वेळी कोणी डोके घातले नव्हते, ही बाप्पाची कृपा.

असे का झाले? साखर टिकवते हे खरे, पण ती शेकडा पासष्टच्या वर असेल तर. मुरंबा टिकतो तो त्यामुळे. आमच्या सरबतात साखर शेकडा पंचेचाळीसच्या आसपास होती. एवढ्या साखरेत यीस्ट मजेत वाढते, वायू करते आणि बूच उडवते. कारखान्यात अशा सरबतात ठरावीक मर्यादेत परिरक्षक घालतात. ते बेकायदा नाही, मर्यादेत असेल तर घातकही नाही. पण मिलिग्रॅममध्ये मोजायची वस्तू मंडळाच्या स्वयंपाकघरात चमच्याने टाकायची, हे पुडीचीच पुनरावृत्ती ठरले असते. एका काकूंनी प्रश्नच मिटवला. म्हणाल्या, "आवळा कार्तिकातला, गणपती भाद्रपदातले. ज्याचे त्या वेळी प्यावे." तिसरा नियम झाला : ऋतूचे पेय ऋतूत, आणि केलेले त्याच दिवशी संपवायचे.

साखर की मीठ

गणपतीसाठी मग आम्ही तीन पेये ठरवली : कोकम-जिरे सरबत, मसाला ताक आणि गरम पेय हवे असणाऱ्यांसाठी आले-गवती चहा.

पहिली अडचण साखरेची. त्या आवळा सरबताचा हिशेब बँकेतल्या आजोबांनी मांडला. पन्नास मिलिलिटर सरबतात पाणी घालून पेला केला तर एका पेल्यात सुमारे २७ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे 'आरोग्यपेयाच्या' एका पेल्यातच दिवसाचा कोटा संपला. आपल्या मंडळात मधुमेह नसलेले घर शोधावे लागेल. आजोबा स्वतः मधुमेही, ते म्हणाले, "मग मी काय नुसता हिशेबच करायचा का?"

साखर काढली तर चव येण्यासाठी सैंधव आणि काळे मीठ वाढले. तेव्हा रक्तदाबवाले म्हणाले, आमचे काय? सैंधव हेही मीठच, त्याने रक्तदाब वाढत नाही हा गैरसमज आहे. साखर दाबली की मीठ वर येते आणि मीठ दाबले की साखर. महिनाभर चव घेऊन घेऊन आमचीच पोटे बिघडायची वेळ आली. शेवटी काकूंनी मार्ग काढला : दोन्ही कमी करायचे आणि वासाने भरून काढायचे. जिरे आधी भाजून त्याच दिवशी कुटायचे, पुदिना शेवटी चुरडायचा, आले ताजे किसायचे. जिभेला फसवायला नाकाची मदत घ्यायची. हा शोध कोणत्याही पुस्तकातून नव्हे, पन्नास वर्षे फोडणी दिलेल्या हातातून आला.

शेवटी बसलेली प्रमाणे सांगतो, घरी करून पाहावीत.

कोकम-जिरे : रत्नागिरीकडच्या नातेवाइकांकडून आलेली कोकमे १०० ग्रॅम, अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन तास भिजवून, कुस्करून गाळायची. त्यात तीन लिटर पिण्याचे थंड पाणी, २०० ग्रॅम साखर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड दोन चमचे. कोकमात मुळात मीठ असते, म्हणून चव पाहिल्याशिवाय वरून घालू नये. साधारण सतरा पेले होतात, पेल्याला सुमारे १२ ग्रॅम साखर पडते. साखर घालण्यापूर्वी एक भाग मधुमेहींसाठी वेगळा काढून ठेवायचा. रंग गडद लाल नाही आला तरी हरकत नाही. बाटलीतला भडक लाल पाहून पाहून आपले डोळे बिघडले आहेत.

मसाला ताक : घरचे दही एक भाग, पाणी तीन भाग, भाजके जिरे, चिमूटभर हिंग, किसलेले आले, पुदिना, अगदी थोडे मीठ. उकळायचे नाही. उकळले तर उपयोगी जिवाणू मरतात आणि ताक फाटते. चार तासांत संपवायचे.

आले-गवती चहा : एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ठेचलेले आले आणि गवती चहाची आठ-दहा पाती, झाकण ठेवून पाच मिनिटे उकळायची. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचे. गूळ ज्याने त्याने आपल्या पेल्यात. ज्यांना जळजळ होते किंवा जे रक्त पातळ करण्याची गोळी घेतात, त्यांनी आले बेताने घ्यावे आणि डॉक्टरांना विचारावे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, बर्फ. आपले शहर २०१७ पासून देशात स्वच्छतेचा मान मिळवत आले आहे, पण गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी कोणत्या पाण्याची, हे कोणी विचारत नाही. पोटासाठी सरबत करायचे आणि त्यात असा बर्फ फोडून टाकायचा, म्हणजे एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने आजार. आम्ही बाहेरचा बर्फ बंद केला. उकळून गार केलेले पाणी रात्रीच सभासदांच्या घरच्या फ्रिजमध्ये वाटून ठेवतो आणि संध्याकाळी गोळा करतो. आमच्या मते आपल्या स्टॉलवरचे सर्वांत मोठे आरोग्यदायी काम कोकमाने केलेले नाही, या पाण्याने केले आहे.

फलकावर काय लिहायचे

गेल्या वर्षी कॉलेजातल्या मुलांनी सुंदर फलक रंगवून आणला : 'इम्युनिटी बूस्टर! पोटाच्या सर्व विकारांवर रामबाण!' मुलांचे चुकले नाही, बाजारात सगळे तेच लिहितात. त्यावर आमची मोठी सभा झाली. काही जण म्हणाले, मंडळाला चार पैसे मिळतील, कोण कायद्याचे पुस्तक घेऊन येणार आहे?

कायदा तर आहेच. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. औषध म्हणून विकायचे तर परवाना वेगळा, नियम वेगळे. १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदाही आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितले की 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून पेये काढा, कारण अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. मोठमोठ्या डब्यांवरचा शब्द असा निराधार निघाला.

पण आमच्या सभेत निर्णय कायद्याने झाला नाही. मागच्या रांगेत ते पुडीवाले काका बसले होते. आजारपणानंतर पुन्हा आरतीला तेच झांज वाजवतात. ते उठले आणि म्हणाले, "काढा चांगलाच होता हो. मीच तो जास्त चांगला समजलो. उद्या या फलकावर रामबाण वाचून कोणी आपली गोळी बंद केली तर?" एवढे बोलून ते खाली बसले. पुढे मतदान घ्यावेच लागले नाही.

आता आपल्या स्टॉलवरचा फलक सगळ्यांनी पाहिलाच आहे. पेयाचे नाव, त्यातले सगळे घटक, पेल्यातली साखर किती चमचे, केल्याची वेळ, आणि खाली एक ओळ : 'हे औषध नाही. आपली गोळी चालू ठेवा.' पहिल्या दिवशी विक्री निम्मीच झाली, हे मान्य केले पाहिजे. चौथ्या दिवसापासून मात्र लोक फलक वाचून थांबू लागले, मधुमेही मंडळी निळ्या बुचाची बिनसाखरेची बाटली हक्काने मागू लागली. आम्ही शासकीय सेवक असल्याने खाजगी धंदा करता येत नाही आणि करायचाही नाही. जे उरले ते मंडळाचे. त्यातून मंडळाने रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेतले आहे. स्टॉलच्या बाजूला टेबलावर ते ठेवलेले असते, आरतीनंतर तासभर आम्ही तिथे बसतो. सरबत प्यायला आलेल्या दोघांना आपला रक्तदाब वाढलेला आहे हे तिथेच पहिल्यांदा कळले. यापेक्षा मोठे आरोग्यपेय आम्हाला अजून बनवता आलेले नाही.

घरी जाताना

शेवटी एवढेच मागतो. आज घरी गेल्यावर रोज घेत असलेले चूर्ण, काढा, रस, आसव, जे काही असेल ते एका कागदावर लिहा. किती आणि किती वेळा, तेही लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी 'काय घेता?' विचारले की गोळ्यांबरोबर तो कागदही पुढे करा. ते न रागावता वाचतील, आणि रागावले तरी वाचू द्या. गर्भवती, तान्ही बाळे, मूत्रपिंडाचे रुग्ण यांना कोणाच्याही सांगण्यावरून, आमच्यासुद्धा, काही पाजू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायची रीत असेल तर ती थांबवा. आणि कोणाला प्रेमाने काही करून दिलेत, तर डब्यावर चिठ्ठी लावा, त्यात काय काय आहे ते लिहा. मायेने दिलेली वस्तू माणूस सर्वांत निर्धास्तपणे घेतो, म्हणून देणाऱ्यानेच मोजून द्यायला हवे.

आपले पूर्वज कोकणातून, देशावरून माळव्यात आले तेव्हा बरोबर कोकमाची पुरचुंडी आणि आजीचा बटवा घेऊन आले. त्या बटव्यात जिन्नस होते, तसे आजीचे 'पुरे आता' हेही होते. जिन्नस आपण जपले. ते 'पुरे आता' पुन्हा शिकायचे आहे.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर पोटात घाला. बाहेर ताक तयार आहे. आज सहा वाजता घुसळले आहे, दहापर्यंत संपवायचे आहे. जाताना पेलाभर घेऊन जावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!